पाठीवरची शिदोरी : हिमप्रदेशातील सैनिकी प्रशिक्षणाची पूर्वतयारी

(भोसरी येथे तरुण आणि त्यांच्या पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



मार्गशीर्ष-पौषातली भोसरीची पहाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना दोन प्रकारची माणसे ठाऊक असतील. एक, पहिल्या पाळीची बस गाठण्यासाठी कानटोपी ओढून, डबा काखेत मारून झपाझप चालणारा कामगार. आणि दुसरा, त्याच अंधारात दिघी-आळंदीच्या रस्त्याने धावणारा त्याचा मुलगा. बाप सातारा, सांगली, नगर किंवा बीड जिल्ह्यातून औद्योगिक वसाहतीच्या आधाराने इथे आला आणि स्थिरावला. मुलाला मात्र सैन्याची ओढ आहे. यात नवल काही नाही. ज्या मातीतून ही कुटुंबे आली, त्या मातीत अपशिंगे मिलिटरीसारखी गावे आहेत. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ सैनिक कामी आले आणि तरीही तिथल्या घरांनी पुढच्या पिढ्यांत मुले सैन्यात धाडणे थांबविले नाही.

अशा घरात एके दिवशी निवडीचे पत्र येते. पेढे वाटले जातात, गल्लीत फलक लागतो, भैरवनाथाला नारळ वाढविला जातो. आणि रात्री सारे शांत झाल्यावर आई विचारते, ‘‘तिकडे थंडी किती असते रे? सोबत काय काय द्यायचे?’’

आजचा विषय म्हणजे या प्रश्नाचे उत्तर. प्रश्न घरगुती वाटतो, म्हणून तो लहान मानण्याची चूक आपल्याकडून होते. शौर्य रणांगणावर दिसते हे खरे; परंतु ते टिकणार की नाही, याचा बराचसा निर्णय त्याआधी, सामान बांधताना झालेला असतो. आपल्या इतिहासाने ही गोष्ट आपल्याला फार मोठी किंमत घेऊन शिकविली आहे.

पानिपताचे स्मरण करा. सदाशिवरावभाऊंची फौज १७६० च्या मार्चमध्ये पटदूरहून निघाली. नोव्हेंबर उजाडला तेव्हा ती पानिपतावर अडकून पडली होती. रसद तुटली, दाणागोटा संपत आला, घोडी खंगू लागली आणि वर उत्तर हिंदुस्थानचा हिवाळा. दख्खनच्या हवेत वाढलेली ती माणसे. समोरचा अफगाण मात्र थंड डोंगराळ मुलखातच वाढलेला. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे लढले ते उपाशीपोटी लढले आणि तरीही दुपारपर्यंत त्यांनी शत्रूला जेरीस आणले. पराभवाची कारणे अनेक आहेत आणि इतिहासकारांत त्यावर मतभेदही आहेत. पण त्या दिवशी मराठ्यांच्या अंगी शौर्य कमी होते, असे त्यांचा शत्रूही म्हणाला नाही. कमी पडले ते अन्न, ऊब आणि परतीची वाट.

आता दोनशे वर्षे पुढे या. ऑक्टोबर १९६२. नामका चू नदीच्या काठी, हिमालयाच्या अंगावर काटा आणणाऱ्या थंडीत, आपले जवान मैदानी प्रदेशातल्या सुती गणवेशात उभे होते. अनेकांच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते आणि पांघरायला एखादी घोंगडी. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला रेझांग ला येथे मेजर शैतानसिंग यांच्या नेतृत्वाखाली १३ कुमाऊँच्या सुमारे १२० जवानांनी सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर अखेरपर्यंत झुंज दिली. बर्फ वितळू लागल्यावर त्यांचे देह सापडले, ते हाती शस्त्र घेतलेल्या अवस्थेत. त्या देहांसमोर नतमस्तक होणे हे आपले कर्तव्य आहेच. पण नुसते नतमस्तक होऊन थांबलो, तर आपण त्यांच्याकडून काहीच शिकलो नाही असे होईल. शूराला अपुऱ्या तयारीनिशी पाठविणे हा पाठविणाऱ्यांचा दोष असतो आणि पाठविणाऱ्यांत घर, समाज, कारखाना, सरकार असे सारेच येतात.

तयारीचे हे महत्त्व सेनेच्या काही जाणत्या अधिकाऱ्यांनी फार लवकर ओळखले होते. १९४८ च्या काश्मीर युद्धात जनरल थिमय्या यांनी झोजी ला खिंडीच्या उंचीवर रणगाडे चढवून शत्रूला थक्क केले, हे अनेकांना माहीत असते. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी गुलमर्गला बर्फावर घसरत चालण्याचे, म्हणजे स्कीइंगचे, शिक्षण देणारी एक छोटी शाळा सुरू केली, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. तिचाच विस्तार होत आजचे ‘हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ उभे राहिले. सोनमर्गला उन्हाळ्यात पर्वतयुद्धाचे आणि गुलमर्गला जानेवारीपासून हिमयुद्धाचे शिक्षण तिथे दिले जाते. सैन्यात दाखल झालेला भोसरीचा मुलगा प्रारंभिक प्रशिक्षण बेळगावला घेईल, खडकीला घेईल, नाशिकला घेईल. पण पुढे कधी ना कधी त्याला हिमालय भेटणारच. तिथले शिक्षण किती कठोर असते, याची कल्पना एकाच घटनेवरून यावी. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळ खिलनमर्ग येथे प्रशिक्षण चालू असताना हिमकडा कोसळला आणि १७ सैनिकांनी प्राण गमावले. ना युद्ध चालू होते, ना शत्रू समोर होता. तो केवळ सरावाचा एक दिवस होता.

तेव्हा प्रथम शरीराची तयारी पाहू.

आपल्या सह्याद्रीचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. गुलमर्गचे पठार सुमारे २,६५० मीटरवर आहे. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच टोकावर उभे राहिलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक किलोमीटर चढल्यावर गुलमर्गची जमीन सुरू होते. साधारणपणे दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरते आणि साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. पुण्याचा पारा आठ-नऊ अंशांवर आला की आपण शेकोट्या पेटवतो. तिथे उणे दहा अंशांत ताशी तीस किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे वीसची लागते.

याचा अर्थ सिंहगड निरुपयोगी आहे असा नव्हे. उंचीची सवय सिंहगड देऊ शकत नाही. पाय, पाठ आणि दम मात्र तोच घडवितो. भरतीसाठी सोळाशे मीटर धावणारी अनेक मुले धावण्यात तरबेज असतात, पण पाठीवर ओझे येताच अर्ध्या तासात वाकतात. कारण वेगाने पळणे आणि वजन घेऊन तासन्‌तास चालणे ही दोन वेगळी कामे आहेत. म्हणून निदान तीन महिने आधी आठवड्यातून दोनदा पाठपिशवी घेऊन चालावे. प्रारंभ पाच किलोंनी करावा आणि दर पंधरवड्याला थोडे थोडे वाढवीत न्यावे. दिघीची टेकडी त्यासाठी पुरेशी आहे. रविवारी सिंहगड. उतरताना धावू नये. गुडघे चढताना बिघडत नाहीत, उतरताना बिघडतात. आणि ज्या बुटांनी प्रशिक्षणाला जायचे, ते याच काळात पायाला सरावू द्यावेत. नवे कोरे बूट घालून प्रशिक्षणाला गेलेला मुलगा तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आणून वैद्यकीय कक्षात बसलेला दिसतो.

उंचीवर गेल्यानंतरचा नियम याहून अवघड आहे आणि तो म्हणजे स्वस्थ बसणे. नऊ हजार फुटांच्या वर गेल्यावर आपले सैन्य शरीराला टप्प्याटप्प्याने सरावू देते. पहिल्या टप्प्याला सहा दिवस, बारा हजार फुटांवर आणखी चार, पंधरा हजारांवर पुन्हा चार. पहिल्या टप्प्याचे पहिले दोन दिवस तर केवळ विश्रांती. धडधाकट तरुणाला हे अपमानास्पद वाटते. ‘‘मला काही होत नाही,’’ असे म्हणून तो पहिल्याच दिवशी धावायला निघतो. विरळ हवा दंडाची बेटकुळी पाहत नाही. उलट घाई करणाऱ्या तगड्या मुलाच्याच फुफ्फुसांत पाणी साचण्याचा धोका अधिक असतो. डोके दुखणे, उलटी होणे, बसल्या जागी धाप लागणे, या गोष्टी त्याच क्षणी वरिष्ठांच्या कानावर घालाव्यात. दुखणे लपविणे हे शौर्य नव्हे. लपविणारा स्वतःबरोबर त्याला खाली वाहून आणणाऱ्या चौघांचाही जीव धोक्यात घालतो.

आहाराविषयी आपल्या घरांना नव्याने काही शिकविण्याची गरज नाही. बाजरीची भाकरी, शेंगदाणे, गूळ, तीळ ही आपली हिवाळ्याची परंपराच आहे; संक्रांतीचा तिळगूळ ऋतू ओळखूनच आला आहे. थंडीत शरीर ऊब राखण्यासाठी अन्न जाळते आणि उंचीवर भूक मात्र मरते. त्यामुळे भूक नसतानाही वेळेवर जेवणे हा तिथे शिस्तीचाच भाग ठरतो. पाण्याचेही तसेच. तहान लागत नाही, पण श्वासावाटे पाणी सतत जात असते. तंबाखू, गुटखा आणि सिगारेट यांनी हातापायांच्या बोटांकडे जाणारा रक्तप्रवाह आखडतो. ज्याला बर्फात बोटे शाबूत ठेवायची आहेत, त्याने हे व्यसन भोसरीतच सोडून जावे.

आता सामानाकडे वळू.

इथे बसलेल्या अनेकांनी संघाच्या हेमंत शिबिरासाठी सामान बांधलेले आहे. ताट, वाटी, पेला, सतरंजी, पांघरूण, दंड, गणवेश, विजेरी. सूचनापत्रकात असेल तेवढेच आणायचे आणि स्वतःचे ओझे स्वतः वाहायचे. सैनिकी प्रशिक्षणाला जाताना हीच सवय कामी येते. संस्थेकडून ‘जॉइनिंग इन्स्ट्रक्शन’ नावाचा कागद येतो. तो घरातल्या सर्वांनी एकदा मोठ्याने वाचावा. त्यात जे लिहिले आहे ते सारे घ्यावे आणि जे लिहिलेले नाही ते घेण्यापूर्वी तीनदा विचार करावा. हिमप्रदेशातले खास कपडे, बूट, स्लीपिंग बॅग हे सैन्य देते. घरून जायचे असते ते अंगालगतचे आणि रोजच्या वापराचे सामान. सोन्याची साखळी, महागडा मोबाइल आणि मावशीने प्रेमाने दिलेली लोणच्याची बरणी या तिन्ही वस्तू घरीच राहाव्यात. बरणी वाटेतच फुटते आणि मग प्रमाणपत्रांपासून बनियनपर्यंत साऱ्यांना महिनाभर मोहरीचा वास येतो!

काळी लोखंडी ट्रंक आणि पाठपिशवी यांतला फरक ध्यानात घ्यावा. ट्रंक बराकीत राहते; तिच्यावर नाव रंगवावे, कुलूप भक्कम असावे आणि त्याची दुसरी किल्ली वेगळी ठेवावी. मूळ प्रमाणपत्रे, त्यांच्या प्रती, ओळखपत्र, बँकेचे पुस्तक, छायाचित्रे हे सारे प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ट्रंकेत वरच ठेवावे. पाठपिशवी मात्र अंगाचा भाग होते, म्हणून तिच्यात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली हवी.

हे भोसरीकरांना समजावून सांगण्याची गरज पडू नये. इथल्या कारखान्यांत ‘फाइव्ह एस’ची पद्धत वर्षानुवर्षे पाळली जाते. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रेखलेली असते आणि पाना जागेवर नसेल तर रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते. पाठपिशवी तशीच भरायची. रात्री लागणारी वस्तू तळाशी. जड सामान मध्यभागी आणि पाठीला चिकटून, म्हणजे ओझे मागे खेचत नाही. वाटेत लागणारे हातमोजे, चष्मा, पाणी, खाऊ वर किंवा बाजूच्या कप्प्यात. आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि सारे कोरडे कपडे तिच्यात. बांधून झाल्यावर दिवा मालवावा आणि नुसत्या हातांनी, अंधारात, मोज्यांचा जोड शोधून काढावा. अर्ध्या मिनिटात सापडला तर पिशवी भरली म्हणायची. नाही तर पुन्हा उपसावी आणि पुन्हा भरावी. धाकट्या भावाने घड्याळ लावून बसावे. या खेळात घरालाही गंमत वाटते.

कपड्यांचा नियम एका वाक्यात सांगता येतो : एक जाड स्वेटर नको, तीन सैल थर हवेत. अंगालगतचा थर घाम बाहेर सोडणारा, मधला लोकरीचा किंवा तत्सम ऊबदार आणि बाहेरचा वारा अडविणारा. ऊब कापडात नसते. थरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. म्हणून घट्ट कपडे कितीही महाग असले, तरी कामाचे नाहीत. सुती बनियन आपल्या हवेत उत्तम. पण बर्फात ते घामाने भिजते, भिजलेलेच राहते आणि शरीराची ऊब शोषून घेते. थंडीत घाम हा छुपा शत्रू आहे. चालायला लागण्यापूर्वी एक थर उतरवावा, थांबताच तो पुन्हा चढवावा. प्रारंभी थोडी थंडी वाजणे हेच योग्य कपडे घातल्याचे लक्षण होय.

लहानसहान वस्तूंची यादी लांब नाही. नखे कापण्याचे यंत्र, पायाला लावायची पावडर, सुई-दोरा आणि गुंड्या, बुटांचा ब्रश आणि पॉलिश, पातळ पंचा, ओठांना लावायचे मलम, छोटी वही आणि पेन्सिल. पेनमधली शाई थंडीने अडते, पेन्सिल कधीही रुसत नाही. विजेरीचे सेल थंडीत लवकर मान टाकतात, म्हणून ते रात्री अंगाजवळ ठेवावेत. पाण्याची बाटली उलटी ठेवावी. बर्फ वरच्या बाजूला आधी धरते, म्हणजे तोंडाशी पाणी मोकळे राहते. उघड्या हाताने थिजलेल्या धातूला स्पर्श करू नये. बर्फावरून परतणारे ऊन डोळे भाजून काढते, म्हणून ढगाळ दिवशीही चष्मा उतरवू नये.

आणि आता मोजे. लोकरीचे चार जोड घ्यावेत. त्यांतला एक जोड वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवावा आणि काहीही झाले तरी दिवसा तो घालू नये. तो केवळ झोपतानाचा जोड. दिवसभर पाय ओले झाले, बाकीचे तिन्ही जोड भिजले, मित्राने गयावया केली, तरी त्या जोडाला हात लावायचा नाही. रात्री पाय पुसून, बोटे एकेक करून पाहून, तो कोरडा जोड चढवायचा. सैनिकी शिस्त म्हणजे काय, असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर संचलनातल्या पावलांइतकेच या कोरड्या जोडाकडे बोट दाखवावे. दिवसा मोह आवरणारा मुलगाच दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांवर उभा असतो.

हिमदंशाविषयी दोन गोष्टी पाठ कराव्यात. बोट पांढरे पडले, बधिर झाले, तर ते चोळू नये, बर्फ लावू नये आणि आगीवर धरू नये. बधिर कातडीला भाजल्याचे कळतच नाही. सुरक्षित ठिकाणी पोहोचल्यावर, पुन्हा गोठण्याची शक्यता उरलेली नसताना, अंगाच्या उष्णतेइतक्याच कोमट पाण्यात ते ठेवावे आणि डॉक्टरांच्या स्वाधीन व्हावे. दुसरी गोष्ट, स्वतःच्या नाकावरचा पांढरा डाग स्वतःला दिसत नाही. म्हणून सैन्यात जोडीदार नेमलेला असतो. त्याने याचे तोंड पाहायचे आणि याने त्याचे. हा जोडीदार कोणत्या प्रांताचा, कोणत्या जातीचा, घरी कोणती भाषा बोलतो, हे प्रश्न तिथे गळून पडतात. समरसतेवर आपण व्याख्याने ऐकतो; बर्फात ती दर तासाला आचरणात येते.

इथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या एका पत्राची आठवण होणे अपरिहार्य आहे. चिपळूण परिसरात मुक्कामाला असलेल्या लष्करातील अंमलदारांना महाराजांनी पाठविलेले ते पत्र अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्यात कोणत्याही लढाईचे डावपेच नाहीत. आहे ती पावसाळ्यासाठी साठवलेल्या दाण्याची आणि वैरणीची काळजी. आताच सारे उधळून टाकाल तर पुढे घोडी उपाशी मरतील. चुली, चिलमी पेटवताना काळजी घ्या. रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि मग एकही घोडे वाचणार नाही. स्वराज्य उभारणाऱ्या राजाला उंदराने नेलेली वात दिसते! आजही बंद तंबूत वा खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपल्याने विषारी वायूने गुदमरून माणसे दगावतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीची ती नजर प्रशिक्षणाला निघालेल्या प्रत्येक मुलाच्या डोळ्यांत उतरली पाहिजे. एनडीएने आपल्या एका खडतर शिबिराला ‘तोरणा’ हे नाव दिले आहे, त्यातही हीच परंपरा जागी आहे.

आता पालकांसाठी, विशेषतः मातांसाठी, चार शब्द. प्रशिक्षणाच्या काळात मुलाचा दूरध्वनी येईलच असे नाही. आठवडा कोरडा गेला म्हणून घरात सुतक पाळू नये. फोन आला की घरची रडगाणी, कर्जाचा हप्ता, भावकीतला वाद त्याच्या कानावर घालू नये; परतल्यावर सांगायला वेळ असतो. आणि ‘जमत नसेल तर परत ये’ हे वाक्य मायेपोटी तोंडून निसटते, ते आवरावे. सर्वांत अवघड दिवशी मुलाला नेमके तेच आठवते. आता मुलीही या वाटेने निघाल्या आहेत. एनडीएत २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये त्यांतल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. भोसरीतल्या मुलीच्या मनात हे असेल, तर तिलाही सिंहगडावर पाठपिशवी घेऊन जाऊ द्या. बर्फ मुलगा-मुलगी पाहत नाही.

शेवटचा मुद्दा थोडा कठोर आहे. पण भोसरीत बोलताना तो टाळता येणार नाही.

मुलाने आपले काम केले, आईने आपले केले. उरलेल्यांनी केले का? सियाचीनवर आपले जवान एप्रिल १९८४ पासून पाय रोवून उभे आहेत. तिथल्या कपड्यांसाठी आणि साहित्यासाठी आपण दीर्घकाळ परदेशांकडे पाहत राहिलो. अतिउंचीवरील कपडे, साहित्य आणि शिधा यांच्याविषयीचा महालेखापरीक्षकांचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेसमोर आला. हिमचष्म्यांचा तुटवडा, खरेदीला झालेला विलंब आणि दुरुस्त करून पुन्हा वापरावे लागलेले बूट यांचा उल्लेख त्यात आहे. सरकार कोणाचे हा प्रश्न इथे गौण आहे. सैनिकाच्या पायातला बूट हा पक्षाचा विषय नसून राष्ट्राचा विषय आहे आणि राष्ट्राला मानणाऱ्याने उणीव मान्य करण्यात कमीपणा मानू नये.

उणीव भरून काढण्याचे प्रयत्नही झाले. डीआरडीओने तीन थरांची शीतरोधक वस्त्रप्रणाली देशातच विकसित केली. अधिक पंधरा ते उणे पन्नास अंशांपर्यंत उपयोगी पडणाऱ्या त्या वस्त्रांचे तंत्रज्ञान २७ डिसेंबर २०२१ रोजी पाच भारतीय कंपन्यांना देण्यात आले. त्याच डीआरडीओची अभियांत्रिकी प्रयोगशाळा आपल्या शेजारी, दिघीत आहे. सैनिकासाठी लागणाऱ्या वस्तूंची यादी पाहा : बकल, चेन, हुक, रिव्हेट, बुटांखाली बांधायचे काटे, बर्फातली कुऱ्हाड, शेगडीचा नळ. यांतली कोणती वस्तू भोसरी-चाकणच्या पट्ट्यात बनू शकत नाही? मात्र इथे एक अट आहे. मैदानात चालणारे प्लॅस्टिकचे बकल उणे तीस अंशांत ठिसूळ होऊन काडीसारखे मोडते. बकल मोडले की पट्टा सुटतो, पट्टा सुटला की ओझे एका खांद्यावर येते आणि कड्यावरच्या माणसाचा तोल जातो. तपासणीच्या टेबलावर ‘चालेल’ म्हणून मारलेला एक शिक्का हजारो फूट उंचीवर कोणाच्या तरी जिवावर बेततो. शेजारच्या घरातला मुलगा ती पिशवी पाठीवर घेणार आहे, हे समजून तो शिक्का मारावा. यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाची ही देशसेवाच आहे. तिला मिरवणूक नसते, एवढेच.

एवढे सारे करूनही हिमालय कधीकधी ऐकत नाही. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमधल्या सोनम ठाण्यावर हिमकडा कोसळला आणि दहा जण गाडले गेले. लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवस बर्फाखाली जिवंत राहिले, बाहेर काढले गेले आणि ११ फेब्रुवारीला त्यांनी प्राण ठेवला. त्या दहा जणांत आपल्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातील मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशीही होते. माण हा दुष्काळी तालुका. बर्फाशी त्याचा काय संबंध? संबंध एवढाच की, देश एक आहे. ते कसलेले सैनिक होते, तयारीत उणे नव्हते. तरीही जे घडले, ते घडले. म्हणून तयारी केली की सारे निभावते, असे खोटे आश्वासन कोणत्याही आईला देता येणार नाही. तिला देता येण्याजोगा शब्द एकच : जे माणसाच्या हाती आहे, त्यात कसूर होणार नाही. मुलाकडून होणार नाही, घराकडून होणार नाही आणि त्याच्यासाठी वस्तू बनविणाऱ्या हातांकडूनही होणार नाही.

या हिवाळ्यात भोसरीतल्या काही घरांत ट्रंका भरल्या जातील. आई कपड्यांच्या घड्या घालील, बाप कुलूप ओढून पाहील, बहीण यादीवर खुणा करील. त्या वेळी कोरड्या मोज्यांचा तो एक जोड वेगळ्या पिशवीत बांधायला विसरू नका. आणि ती पिशवी मुलाच्या हाती देताना फार काही बोलू नका. त्याला समजेल.

भारतमाता की जय!